‘अलेज’, आरोप आणि आमच्या गावचं ‘म्हणे’

शनिवार आहे, चहाचा दुसरा कप झालाय आणि आज मला भांडायचंय. भांडण एका क्रियापदावरून आहे. हसू नका. पुढे माणसं मरतात या गोष्टीत.

क्रियापद आहे इंग्रजीतलं ‘अलेज’. इंग्रजी पेपरात रोज दिसतं, कोर्टाच्या कागदात तर दर दुसऱ्या परिच्छेदात. आणि आपण त्याचं मराठी डोळे झाकून ‘आरोप करणे’ असं करून टाकतो. शाळेतल्या डिक्शनरीत तसंच आहे, त्यामुळे कुणाला काही खटकत नाही. मला खटकतं.

आधी अर्थ बघू. अलेज म्हणजे एखादी गोष्ट खरी आहे असं सांगणं, तिचा पुरावा अजून तपासला गेलेला नसताना. बस्स, एवढंच. त्यात कुणी काही वाईट केलंय असं असायलाच पाहिजे, असंही नाही. समजा जमिनीच्या दाव्यात वादी म्हणतो, "ही जमीन माझ्या आजोबांनी रीतसर खरेदी केली होती." कोर्टाच्या इंग्रजीत हेसुद्धा ‘अलेज’च. आता सांगा, आजोबांनी जमीन विकत घेतली यात आरोप कुणावर आहे? आजोबांवर?

दिवाणी प्रक्रिया संहितेत (१९०८ ची, अजून चालू आहे) आदेश ८, नियम ५ आहे. वादीनं दाव्यात जे जे ‘अलेज’ केलंय, ते प्रतिवादीनं एकेक करून नाकारलं पाहिजे. नाही नाकारलं तर ते कबूल आहे असं धरतात. म्हणजे अलेगेशन ही चिखलफेक नाही. ती खेळातली पहिली चाल आहे. मी असं म्हणतो, आता तू बोल.

शब्दाचं मूळही मजेशीर आहे. रूप आलंय फ्रेंचमधून, आणि त्याच्या मागे लॅटिनमधलं ‘लिटिगारे’, म्हणजे कोर्टात भांडणं. अर्थ मात्र ‘अलेगारे’ या दुसऱ्याच क्रियापदाचा येऊन चिकटला, म्हणजे दाखला देणं, आधार दाखवणं. म्हणजे जन्मतः हा शब्द कोर्टातला, आणि "मी हे सांगतोय, माझ्याकडे आधार आहे" अशा भारदस्त सुराचा. पुढे शतकानुशतकांत त्याचं वजन घसरलं आणि "हा म्हणतोय खरं, बघू या" इथवर आलं.

कायद्याच्या सरकारी मराठीत यासाठी शब्द आहे, ‘अभिकथन’. शब्द अचूक आहे, पण वापरणार कोण? ऐकलं की वाटतं कुठल्या तरी मठात संध्याकाळी अभिकथन आहे, प्रसादाला या. त्यामुळे तो कागदावरच राहिला, आणि बाहेर सगळीकडे एकच शब्द राज्य करतो: आरोप.

आता या ‘आरोप’ची गंमत बघा. इंग्रजीत तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. पहिली, कुणीतरी काहीतरी सांगितलं, ते अलेगेशन. दुसरी, पोलिसांनी तपास करून कागद कोर्टात दिले. तिसरी, कोर्टानं ते कागद बघून ठरवलं की यावर खटला चालवण्याइतपत आधार आहे, मग ‘चार्ज’ ठेवला. या तिन्ही पायऱ्यांना आपल्याकडे आरोप. शिवाय मधल्या पायरीवरच्या कागदाचं नाव काय? दोषारोपपत्र! खटला सुरू व्हायच्या आधीच ‘दोष’ हजर.

आणि ‘आरोप निश्चित’ हा तर कहर आहे. कोर्टानं आरोप निश्चित केले म्हणजे फक्त एवढंच, की नेमक्या कुठल्या कलमांखाली खटला चालणार ते लिहून ठेवलं आणि समोरच्याला विचारलं, कबूल आहे का? पण "अमक्यावर आरोप निश्चित" अशी बातमी वाचून तुमच्या ओळखीच्या दहा माणसांना विचारा. निम्मे तरी म्हणतील, "सापडला म्हणजे शेवटी! पक्कं झालं!" साधी मराठी येणाऱ्या माणसानं ‘निश्चित’चा दुसरा काय अर्थ घ्यायचा? चूक त्याची नाहीच.

इथे थोडं गावाकडे जाऊ. माझं गाव इस्लापूर. नांदेड जिल्हा, किनवट तालुका, जवळच पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा. पुण्यात कुणाला सांगितलं तर "अच्छा, इस्लामपूर? सांगलीकडचं?" असं विचारतात. नाही हो. पण आमच्या गावाला एक मान आहे जो तुमच्या गावाला बहुतेक नसेल: भारताच्या संसदेनं केलेल्या कायद्यात त्याचं नाव आहे. राज्य पुनर्रचना कायदा, १९५६, कलम ८. हैदराबाद राज्यातून कुठला भाग मुंबई राज्यात जाणार त्याची यादी आहे, आणि त्यात आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल असं स्पष्ट लिहिलंय. किनवट आणि राजुरा अख्खे तालुके आले, बोथमधून मात्र आमचं एवढंच सर्कल. एका वाक्यात आम्ही इकडचे झालो.

त्याआधी राज्य निजामाचं होतं आणि कोर्टाची भाषा उर्दू. दावा लावणारा तो मुद्दई. मराठीतले आपले रोजचे कायद्याचे शब्दही तिकडूनच आलेत. दावा, फिर्याद, तक्रार, मुद्देमाल. हे शब्द नीट बघा. फिर्याद म्हणजे मुळात मदतीसाठी केलेला आक्रोश. दावा म्हणजे हक्क सांगणं. दोन्ही शब्द बोलणाऱ्याबद्दल आहेत: कोण ओरडतंय, कोण मागतंय. याउलट ‘आरोप’ संस्कृतातला, आणि त्याचा अर्थ वर चढवणं, लावणं. वृक्षारोपणातलं आरोपण तेच. यात बोलणारा गायब होतो आणि ज्याच्यावर लावलं तो उरतो. रोप लावलं की ते त्याच्यावर उगवणारच!

आता गावातला मुख्य मुद्दा. आमच्याकडे कुणीही ऐकीव गोष्ट सांगताना शेवटी एक शब्द लावतं. "त्या पोरानं मोटार चोरली म्हनं." पुस्तकी मराठीत ‘म्हणे’. हा एवढासा शब्द काय करतो? तो सांगतो की ही माहिती माझी नाही, मी ऐकलेली आहे, माझ्यावर येऊ नका. भाषाशास्त्रात अशा शब्दांवर जाडजूड पुस्तकं आहेत. आमच्या आजीनं एकही वाचलं नव्हतं, पण तिचं वाक्य कधी चुकलं नाही. बघितलेलं असेल तर "चोरली", ऐकलेलं असेल तर "चोरली म्हनं". आणि कुणी फारच खोदून विचारलं की, "म्या काई बघितलं न्हाई बाबा."

आणि ही फक्त मराठीची मिरास नाही. आमचा भाग सीमेवरचा, बाजारात चार भाषा ऐकू येतात. तेलुगूत ‘वच्चाडु’ म्हणजे आला, ‘वच्चाडट’ म्हणजे आला म्हणे. दखनीत "आया कते". खाली लातूरकडे उदगीर, निलंग्याच्या पट्ट्यात कानडी बोलणारे आहेत, त्यांचं ‘बंदनंते’. दोन वेगळी कुळं म्हणा, वेगळ्या लिप्या म्हणा, पण ऐकलेलं आणि बघितलेलं यात फरक करायची सोय प्रत्येकीनं करून ठेवलीय. शेकडो वर्षं एकत्र राहिलेल्या लोकांना कळलं होतं की या एका अक्षराशिवाय गावात राहणं अवघड आहे.

मग हे ‘म्हणे’ लिहिलेल्या मराठीतून गेलं कुठं?

मोटारीचंच उदाहरण पुढे नेतो. (मोटार म्हणजे विहिरीवरची, पाणी उपसायची. कार नव्हे.) आमच्याकडच्या एका पोराला मोटारचोरीच्या संशयावरून चौकशीला नेलं. दुसऱ्या दिवशी एका पेपरात छापून आलं, "मोटारी चोरणारी टोळी जेरबंद". टोळी! जेरबंद! आत ‘सराईत’ हा शब्दही होता. काही दिवसांनी पोलिसांनीच त्याला सोडून दिलं, तपासात त्याच्याविरुद्ध काही निघालं नाही. ती बातमी अर्थातच आली नाही. पहिल्या बातमीचं कात्रण मात्र मुलीकडच्यांपर्यंत पोचलं आणि ठरत आलेली सोयरीक मोडली. गावातली माणसं "चोरली म्हनं" म्हणत होती. शहरात शिकून आलेल्या, छापणाऱ्या माणसानं ते ‘म्हनं’ काढून टाकलं. अडाणी कोण?

गुन्हेवार्तेची मराठी एकदा नुसती क्रियापदं बघत वाचा. जेरबंद, गजाआड, मुसक्या आवळल्या, पर्दाफाश, बेड्या ठोकल्या. यातलं एकही क्रियापद "पोलिसांचं म्हणणं आहे की" असं सांगत नाही. सगळी क्रियापदं निकाल लावून मोकळी होतात. आणि मधूनच जबाबदारीचा झटका आला की ‘कथित’ नाहीतर ‘तथाकथित’ टाकायचं. हे दोन शब्द एकच आहेत असं आपल्या अर्ध्या संपादकांना वाटतं. अहो, ‘तथाकथित’मध्ये खवचटपणा आहे. तथाकथित विद्वान म्हणजे स्वतःला विद्वान म्हणवणारा, प्रत्यक्षात नसलेला. ‘तथाकथित अत्याचार’ असं लिहिलंत तर तुम्ही पीडितेला खोटारडी म्हणालात. कळतंय का काय लिहिताय?

आता आमच्या धंद्यातलं एक सांगतो, नाहीतर इंजिनिअरच्या घरात शनिवार वाया गेल्यासारखा वाटेल. प्रोग्रॅमिंगमध्ये ‘असर्ट’ नावाची गोष्ट असते. तुम्ही कोडमध्ये ठामपणे लिहिता की या ठिकाणी ही गोष्ट खरी असलीच पाहिजे. खोटी निघाली तर प्रोग्रॅम तिथल्या तिथे थांबतो. म्हणजे ठामपणे बोलायचं तर तपासणीला तयार राहायचं. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात कलम १०१ मध्ये नेमकं हेच क्रियापद आहे: जो एखादं तथ्य असर्ट करतो, त्याच्या आधारे कोर्टाकडे निकाल मागतो, त्यानंच ते सिद्ध करायचं. १ जुलै २०२४ पासून तो कायदा गेला आणि भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ आला, पण हा नियम कलम १०४ म्हणून जसाच्या तसा बसलाय. दीडशे वर्षांत बदलावासा वाटला नाही.

त्याच जुन्या कायद्याच्या कलम ३ मध्ये आणखी एक सुंदर गोष्ट होती, आणि नव्या कायद्यातही ती आहे. एखादं तथ्य तीन अवस्थांत असू शकतं: सिद्ध, खोटं ठरलेलं, आणि सिद्ध न झालेलं. ज्यांनी डेटाबेसवर काम केलंय ते लगेच ओळखतील. ट्रू, फॉल्स आणि नल! आणि नल म्हणजे फॉल्स नव्हे, हे शिकण्यात प्रत्येक ज्युनिअरची पहिली सहा महिने रक्त आटतं. आपली बातमीची मराठी मात्र नल ओळखतच नाही. माणूस पकडला की ट्रू. सुटला की "पुराव्याअभावी सुटला", म्हणजे मनात ट्रूच.

(आणि हो, जावामध्ये असर्ट मुळात बंद असतं, मुद्दाम चालू करावं लागतं. आपल्या वाहिन्यांचंही बहुतेक तसंच काहीतरी असावं. :) )

कोर्ट या बाबतीत किती काटेकोर असू शकतं त्याचं एक जुनं उदाहरण आपल्याच राज्यातलं. दाव्याच्या शेवटी सत्यापन असतं. त्यात कुठला मजकूर स्वतःच्या माहितीतला आणि कुठला दुसऱ्याकडून कळून खरा वाटलेला, हे परिच्छेदाचे आकडे देऊन वेगळं सांगावं लागतं. म्हणजे ‘चोरली’ आणि ‘चोरली म्हणे’ यांचे वेगळे कॉलम. १९५२ साली मुंबई राज्य विरुद्ध पुरुषोत्तम जोग नाईक हा स्थानबद्धतेचा खटला सुप्रीम कोर्टात गेला. त्यात सरकारी अधिकाऱ्याच्या प्रतिज्ञापत्रात सगळंच सरसकट एकाच साच्यात खरं म्हणून टाकलं होतं. कोर्टानं खडसावलं की असं ढिसाळ सत्यापन चालणार नाही, स्वतःला ठाऊक काय आणि ऐकलेलं काय ते सांगा, आणि ऐकलेलं असेल तर कुणाकडून ते सांगा. सत्तरहून जास्त वर्षं झाली. आज कुठल्याही तहसीलबाहेर टायपिंगवाल्याकडे जाऊन शपथपत्र करा, शेवटची ओळ तयारच असते: "वरील सर्व मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा व बरोबर आहे." सर्व मजकूर!

हे सगळं शब्दच्छल वाटत असेल तर आता पुढचं वाचा.

२००३ साली नाशिकमध्ये एका शेतमजूर कुटुंबावर भयानक हल्ला झाला. खून, बलात्कार, सगळंच. त्यात भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना पकडलं. २००६ साली सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी दिली. हायकोर्टानं तिघांची जन्मठेप केली. २००९ साली सुप्रीम कोर्टानं त्या तिघांनाही परत फाशी सुनावली. आणि मग मार्च २०१९ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टानं, फेरविचारानंतर, सहाही जणांना निर्दोष सोडलं. का? कारण घटनेनंतर वाचलेल्या प्रत्यक्षदर्शीनं पोलिसांकडचे फोटो बघून वेगळ्याच चार माणसांना ओळखलं होतं, आणि तो कागद बाजूला राहिला होता. सोळा वर्षं गेली. कोर्टानं राज्य सरकारला प्रत्येकी ५ लाख रुपये द्यायला सांगितले. त्या सोळा वर्षांत या माणसांबद्दल छापलेल्या एखाद्या ओळीत "पोलिसांचं म्हणणं असं की" एवढे चार शब्द असते, तर ते सुटले असते असं मी म्हणत नाही. पण "भटके आहेत, म्हणजे केलंच असणार" या समजुतीला रोज खतपाणी घालणारी भाषा आपलीच होती.

२००६ हे एकच साल घ्या. एप्रिलमध्ये नांदेडला एका घरात स्फोट झाला, दोघे गेले. सप्टेंबरमध्ये मालेगावला स्फोट झाले, तिथे पोलिसांनी आधी नऊ मुस्लिम तरुणांना पकडलं. मालेगावच्या त्या आरोपींना २०११ साली जामीन मिळाला आणि २०१६ साली विशेष न्यायालयानं आरोपमुक्त केलं. नांदेडच्या खटल्यात जानेवारी २०२५ मध्ये सगळे हयात आरोपी निर्दोष सुटले. आता प्रामाणिकपणे सांगा. यातल्या एका निकालावर तुम्ही "बघा, आम्ही म्हणत नव्हतो?" म्हणालात आणि दुसऱ्यावर "सेटिंग आहे" म्हणालात, की नाही? कुठल्यावर काय, ते तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अवलंबून. क्रियापद आपण आपल्या माणसासाठी वेगळं आणि परक्यासाठी वेगळं वापरतो. आपल्यावर "खोटे आरोप केले", त्यांनी "स्फोट केला".

व्हॉट्सअ‍ॅपचा विषय निघालाच आहे. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज फिरत होते. बाजाराच्या दिवशी भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना, सगळे नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, जमावानं ठेचून मारलं. पुढे १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे अफवेतूनच दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर गेले. विचार करा, त्या मेसेजमध्ये काय नव्हतं? ‘म्हणे’ नव्हतं. पारावर ऐकलेली गोष्ट "टोळी आलीय म्हनं" अशी येते आणि ऐकणारा विचारतो, कोण म्हणतंय? फोनवर ती "टोळी आली आहे. सावध राहा." अशी येते. छापील अक्षरात, पूर्णविरामासकट. सांगणारा गायब, शंकेला जागाच नाही.

आणि मग काय झालं? जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सअ‍ॅपनं प्रत्येक पुढे ढकललेल्या मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ अशी छोटी पाटी लावायला सुरुवात केली. ती पाटी म्हणजे काय? ‘म्हणे’! कॅलिफोर्नियातल्या कंपनीला शेवटी कोड लिहून तेच अक्षर वाक्याला परत चिकटवावं लागलं, जे इस्लापूरच्या कुठल्याही म्हातारीच्या तोंडात फुकटात होतं. माझ्या धंद्यातली इतकी शहाणी आणि इतकी उशिरा आलेली दुरुस्ती मला दुसरी माहीत नाही.

आता विरोधी बाजू. यातला एक आक्षेप खरोखर वजनदार आहे, तो आधी घेतो. "सगळं ‘कथित’, सगळं ‘म्हणे’ केलंत तर जिच्यावर अत्याचार झाला तिच्या शब्दाची किंमत काय? ती सांगतेय आणि तुम्ही म्हणे म्हणे करताय?"

बरोबर आहे, आणि याचा इतिहासही आपल्याच राज्यातला आहे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केला, असं तिनं सांगितलं. देश हे प्रकरण ‘मथुरा प्रकरण’ म्हणून ओळखतो. सत्र न्यायालयानं पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, १९७८ साली सुप्रीम कोर्टानं पुन्हा सोडलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर आंदोलनं झाली आणि १९८३ साली पुरावा कायद्यात कलम ११४-अ आलं. त्यात काय आहे? पोलीस ठाण्यातल्या बलात्कारासारख्या खटल्यात संबंध झाला हे सिद्ध असेल आणि बाई कोर्टात सांगत असेल की माझी संमती नव्हती, तर कोर्टानं संमती नव्हती असंच गृहीत धरायचं. समोरच्यानं उलट सिद्ध करावं.

लक्षात घ्या, त्या कलमानं तिचं म्हणणं आणि सिद्ध झालेलं तथ्य यातला फरक पुसला नाही. तिच्या ‘सांगण्याला’ वजन दिलं. "ती सांगते" हे क्रियापद हलकं नाहीच. हलकं करतो तो ‘कथित’ हा शब्द, कारण त्यात सांगणारी दिसत नाही. "कथित बलात्कार" यात कोण बोलतंय? कुणीच नाही. "तिनं फिर्यादीत सांगितलंय की त्यानं बलात्कार केला" यात ती उभी राहून बोलतेय. मला हेच हवंय. माझं भांडण शंका घाला म्हणून नाही, बोलणाऱ्याचं नाव गाळू नका म्हणून आहे.

दुसरा आक्षेप, "मथळ्यात जागा नसते हो." ‘मुसक्या आवळल्या’ला जागा असते. ‘संशयावरून अटक’ला नसते? अक्षरं मोजून बघा.

तिसरा, "लोकांना कळतं की." नाही कळत. कळत असतं तर सोयरिकी मोडल्या नसत्या.

आणि हे फक्त पत्रकारांवर ढकलून आपल्याला मोकळं होता येणार नाही. आपण सगळे दर वर्षी ऑफिसात लैंगिक छळ प्रतिबंधाचं ट्रेनिंग नेक्स्ट नेक्स्ट दाबत उरकतो. २०१३ च्या त्या कायद्याची भाषा कधी वाचलीय? तक्रार करणारी ‘पीडित महिला’ आणि समोरचा ‘प्रतिवादी’, म्हणजे उत्तर देणारा. ‘आरोपी’ नाही. विचारपूर्वक निवडलेले शब्द आहेत. आणि तक्रार गेल्याच्या दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये काय ऐकू येतं? एका टेबलावर "त्यानं केलंच असणार, आधीपासून तसलाच आहे", आणि दुसऱ्या टेबलावर "प्रमोशन मिळालं नाही म्हणून अडकवलं तिनं". दोन्हीकडे ‘म्हणे’ नाही. बीई, एमबीए झालेली माणसं ही. सर्व्हर पडल्यावर लिहायच्या अहवालात आपण किती काळजी घेतो, "लॉगनुसार असं दिसतं की", "प्राथमिक अंदाज असा की". मशीनला जेवढा न्याय देतो तेवढा शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला द्यायला काय हरकत आहे?

असो. नुसती चिडचिड नको म्हणून माझ्या साध्या मागण्या सांगतो. एक, ‘आरोप आहे’ असं लिहायच्या आधी कुणाचा ते लिहा: फिर्यादीचा, पोलिसांचा, की पानटपरीचा. दोन, ‘तथाकथित’ हा शब्द टोमण्यासाठीच राखून ठेवा. तीन, ‘आरोप निश्चित’च्या पुढे एक वाक्य जोडा की आता खटला सुरू होईल. चार, अटकेची बातमी ज्या पानावर, सुटकेची बातमी त्याच पानावर. आणि पाच, तुमच्यामाझ्यासाठी: कुठलाही मेसेज पुढे ढकलायच्या आधी त्याच्या शेवटी मनातल्या मनात ‘म्हणे’ लावून वाचा. लावल्यावर वाक्य लंगडं पडलं, तर ते आधीपासूनच लंगडं होतं.

यातलं काही करायला नवा कायदा लागत नाही, नवा शब्दही लागत नाही. ‘अभिकथन’ त्या कोशात सुखानं राहू दे. शब्द आपल्याकडे आहे, दोन अक्षरी आहे, आणि टाइप करायला एक सेकंदही लागत नाही.